फरशी, हातोडा आणि पदार्थविज्ञान

घरातली एखादी खोली रिकामी झाली, की तिच्यावर प्रथम हक्क सांगतो तो घरातला सर्वांत खटपट्या मुलगा, नाहीतर मुलगी. जळगावजवळ असोदा येथे माझी थोरली बहीण राहते. असोद्याचे नाव तुम्ही दोन कारणांनी ऐकले असेल. बहिणाबाई चौधरी यांचा १८८० मधला जन्म या गावचा, आणि इथली भरिताची वांगी. तिसरे कारण आपण व्हावे अशी माझ्या भाच्याची इच्छा आहे. तो दहावीत आहे. गावातले बंद पडलेले पंखे, मिक्सर, पंपाचे स्टार्टर त्याच्याकडे येतात. त्यातले निम्मे चालू होऊन परत जातात. ताईच्या मोठ्या मुलीचे लग्न झाले, तिची खोली रिकामी झाली आणि याने तिथे कार्यशाळा मांडायचे ठरवले.

आडव्या आल्या त्याच्या आजी. त्या खोलीत घोटीव शहाबादी फरशी आहे. कपाशीच्या एका चांगल्या सालात हाती आलेल्या पैशातून आजींनी ती बसवून घेतली, गवंड्यांच्या डोक्याशी उभे राहून. त्याआधी घरभर शेणामातीची जमीन होती. "कर बापा काय करनं ते," त्या नातवाला म्हणाल्या, "पन माह्या फरशीले ओरखडा नको." इकडे नातवाच्या मनात दोन मणांचे टेबल, पकडशेगडा, हातोडे आणि कानशी.

त्याने मला फोन केला, "मामा, फरशीवर काय टाकू?" मी घाईत होतो. प्लास्टिकचा कागद पसर आणि त्यावर प्लायवूड टाक, असे सांगून मोकळा झालो. पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाचे हे उत्तर अर्धे चूक निघाले. कसे, ते पुढे येईलच. पण त्यामुळे सुट्टीत तिथे जाऊन हा प्रश्न नीट सोडवणे मला भाग पडले. तुमच्या घरी किंवा शाळेत एखादी खोली अशीच बदलायची असेल, तर ही हकिकत उपयोगी पडेल.

प्रथम ओरखड्याचा विचार करू. एक पदार्थ दुसऱ्यावर ओरखडा केव्हा काढतो? तो दुसऱ्यापेक्षा कठीण असेल तेव्हाच. फ्रीडरिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याची दहा पायऱ्यांची एक श्रेणी तयार केली. सर्वांत मऊ शंखजिरे, त्याचा क्रमांक १. सर्वांत कठीण हिरा, त्याचा १०. शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद या गावावरून तिला हे नाव पडले. चुनखडकातील मुख्य खनिज कॅल्साइट, आणि त्याचे काठिण्य ३. राजस्थानातून येणारी कोटा फरशीही चुनखडकच. मोझेकच्या लाद्यांत संगमरवराच्या खड्या असतात. संगमरवर म्हणजे पुन्हा कॅल्साइट. उलट साधा लोखंडी खिळा ४ ते ५ च्या दरम्यान, काच साडेपाचच्या आसपास, कानशीचे पोलाद साडेसहा, आणि आपल्या ओळखीची गारगोटी ७.

आता या यादीतला खरा गुन्हेगार ओळखा. बहुतेक जण खिळा किंवा कानस म्हणतील. पण खिळा दिसतो, आपण तो उचलतो. गारगोटीचे कण दिसत नाहीत. ते वाळूत असतात, आणि वाळू पायाला चिकटून घरभर फिरते. भाच्याने पहिल्याच दिवशी एक लोखंडी कपाट दारातून ओढत आत आणले. उंबऱ्याच्या आत वीतभर लांबीचा पांढरा ओरखडा उमटला. त्याने कपाटाच्या पायाला दोष दिला. पायाखाली बोट फिरवल्यावर बोटाला काय लागले? वाळूचे चार कण. कपाटाच्या वजनाने ते फरशीत रुतले होते आणि ओढण्याने नांगराच्या फाळासारखे चालले होते.

हा प्रयोग तुम्ही करा. फरशीचा एखादा टाकाऊ तुकडा मिळवा. बांधकामाच्या ठिकाणी असे तुकडे पडलेले असतात. त्यावर बोटाच्या नखाने, खिळ्याने, काचेच्या तुकड्याने (कापडात धरून) आणि गारगोटीने रेघ ओढून पाहा. रेघ दिसली तरी लगेच निष्कर्ष काढू नका. ओल्या बोटाने पुसा. पुसली गेली तर ती घासणाऱ्या वस्तूची भुकटी होती. राहिली तरच ओरखडा.

यातून एक गोष्ट निघते, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फरशी न झाडता तिच्यावर प्लायवूड किंवा पुठ्ठा टाकला, की खालचे वाळूचे कण मऊ लाकडात अर्धे रुततात आणि अर्धे बाहेर राहतात. म्हणजे काय झाले? काचकागद तयार झाला! वर माणूस वावरला की फळी केसभर हलते, आणि हा प्रचंड काचकागद वर्षभर फरशी घासत राहतो. कुंपणच शेत खाते ते असे. म्हणून आच्छादनाआधी फरशी झाडायची, ओल्या फडक्याने दोनदा पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची. असोद्याला आम्ही दुसऱ्या वेळी पुसलेले फडके बादलीत पिळले, तर तळाशी चमचाभर रेती बसली.

आता टेबलाकडे वळू. भाच्याने कोनी लोखंडाचे, म्हणजे अँगलचे, चार पायांचे टेबल करून घेतले होते. पकडशेगड्यासह त्याचे वजन सुमारे १२० किलोग्रॅम. काम करणारा त्यावर भार देतो, तेव्हा १५० धरू. अँगलची प्रत्येक बाजू ४० मिलिमीटर आणि जाडी ५ मिलिमीटर. फरशीला टेकणारे क्षेत्रफळ दर पायाला पावणेचार चौरस सेंटिमीटर, चारही पायांचे १५. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १० किलोग्रॅम भार. तुलनेसाठी हत्ती घ्या. चार टनांच्या हत्तीचे पाऊल सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाचे असते. हिशेब केला तर दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमही पडत नाही. तेव्हा दाबापुरते बोलायचे, तर ताईच्या खोलीत हत्ती आणून उभा केला असता तरी या टेबलापेक्षा बरा!

हुशार वाचक इथे मला अडवील. चांगल्या दगडाचा चुरा व्हायला दर चौरस सेंटिमीटरला शेकडो किलोग्रॅम लागतात. मग दहाने काय होणार? शंका रास्त आहे. दगड दाबाला भक्कम असतो. पण वाकवले तर त्याची खालची बाजू ताणली जाते, आणि ताण सोसण्याची त्याची शक्ती फार थोडी, दाबाच्या मानाने दहाव्या हिश्श्याच्याही आसपास. फरशीखाली सगळीकडे भरीव आधार असेल तर ती वाकणार नाही आणि तडकणार नाही. खाली पोकळी असेल तर मात्र ती पुलासारखी अधांतरी असते. आपल्या खानदेशातल्या काळ्या मातीचा गुण तुम्हाला माहीत आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. अशा जमिनीवर मुरूम घालून, चोपून फरशी बसवतात. तरी वर्षानुवर्षांच्या या फुगण्या-आकसण्याने कुठेतरी आधार सुटतो.

पोकळी वरून कशी कळणार? बाजारात मडके घेताना बायका ते वाजवून पाहतात, तसेच. लाकडी मुठीने फरशीच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर टिचक्या मारीत जा. भरीव जागी 'टक्' असा आखूड आवाज येतो. पोकळ जागी 'ढब्' असा खालच्या सुराचा, थोडा लांबणारा आवाज येतो, कारण तिथे फरशी तबल्याच्या पुडीसारखी कंप पावायला मोकळी असते. ताईच्या खोलीत आम्ही प्रत्येक फरशी वाजवली आणि पोकळ जागी खडूने फुल्या मारल्या. तीन फुल्या निघाल्या. त्यातली एक बरोबर टेबलाचा पाय यायचा तिथे! टेबल हातभर सरकवले. या कामाला दमडी लागली नाही, पण सगळ्या खटाटोपात हे काम सर्वांत मोलाचे होते असे माझे मत आहे.

टेबलाच्या पायांखाली आम्ही लाकडी ठोकळे दिले, १५ सेंटिमीटर लांबीरुंदीचे. चार ठोकळ्यांचे क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर. दाब साठपट कमी झाला. मात्र ठोकळा जाड हवा. वरचा भार लाकडातून खाली जाताना साधारण ४५ अंशांत पसरतो असा ढोबळ नियम आहे. ६ मिलिमीटरच्या पातळ प्लायमध्ये चार सेंटिमीटरचा पाय फार तर पाच सेंटिमीटरपर्यंत पसरेल. बाकीचा तुकडा शोभेचा. पाच सेंटिमीटर जाडीच्या ठोकळ्यात मात्र तो चौदापर्यंत जातो. आणि पोकळ फरशी टाळताच येत नसेल, तर दोन पायांखाली मिळून एकच लांब, जाड फळी द्यावी, म्हणजे भार शेजारच्या भरीव फरशांवर जातो.

हातोड्याचे गणित याहून बोलके आहे. एक किलोग्रॅमचा हातोडा ८० सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून पडला. गुरुत्वत्वरण १० धरा. त्याची ऊर्जा १ × १० × ०.८, म्हणजे ८ ज्यूल. जमिनीशी वेग सेकंदाला ४ मीटर. ही ऊर्जा थांबताना कुठेतरी खर्च व्हायची आहे, आणि बल गुणिले थांबण्याचे अंतर म्हणजेच ती ऊर्जा. उघड्या फरशीवर हातोडा समजा मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यात थांबला. तर सरासरी बल ४०,००० न्यूटन, म्हणजे चार टनांच्या वजनाइतके! तोच हातोडा रबरी चटईत ५ मिलिमीटर दबत थांबला, तर बल १,६०० न्यूटन, पंचवीस पटींनी कमी. क्रिकेटचा झेल घेताना हात मागे नेतो त्यातलेच हे तत्त्व.

जुन्या कारागिरांनी हे गणित न मांडता सोडवले होते. सुताराच्या पडवीत मातीची जमीन असे. पटाशी हातातून सुटली तर जमिनीला खळगा पडे, पटाशीची धार शाबूत राही. लोहाराची ऐरण लाकडाच्या ओंडक्यावर बसवलेली असते, तेही घाव पोटात घेण्यासाठीच. शिवाय मातीच्या जमिनीची जखम आठवड्याच्या सारवणात भरून निघते. बहिणाबाईंच्या काळचे बहुतेक असोदे अशाच जमिनींवर नांदले असणार. फरशीची जखम भरत नाही. म्हणून तिच्यावर ही जुनी जमीन दुसऱ्या रूपाने पुन्हा अंथरायची, इतकेच. (जळगावच्या सराफ बाजारातला प्रकार याच्या उलट. तिथे खाली पडेल ते जमिनीपेक्षा मोलाचे. सोनारांच्या दुकानातला केर धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे झारेकरी तुम्ही ऐकले असतील.)

मग सगळी खोली झाकायची का? १० फूट रुंद आणि १२ फूट लांब खोलीला ८ × ४ फुटांचे चार तक्ते लागतात, आणि १२ मिलिमीटर जाडीचा तक्ता स्वस्त नसतो. पण हत्यार किती दूर पडेल हे काढता येते. ८० सेंटिमीटर पडायला ०.४ सेकंद लागतात. ते टेबलावरून सेकंदाला २ मीटर वेगाने घरंगळले, तरी तेवढ्या वेळात ८० सेंटिमीटरच पुढे जाईल. म्हणजे टेबलाभोवती सुमारे तीन फुटांचा पट्टा झाकला की पुरे. भाच्याचे टेबल भिंतीला लागून, चार फूट लांब आणि दोन फूट रुंद. झाकायची जागा दहा फूट गुणिले पाच फूट. दोन तक्त्यांत काम भागले. वाचलेल्या पैशांत अर्थिंगची तार आली. ती आधीच यायला हवी होती, असे मी त्याला सुनावले. पायाखाली कोरडी फळी किंवा रबर असणे विजेच्या दृष्टीनेही बरे, पण ते अर्थिंगला पर्याय नव्हे.

आता माझ्या चुकीची गोष्ट. फोनवरच्या सल्ल्याप्रमाणे भाच्याने उन्हाळ्यात प्लास्टिकचा कागद पसरून त्यावर प्लाय टाकले होते. पाऊस सुरू झाल्यावर महिन्याभरात खोलीला कुबट वास येऊ लागला. उचलून पाहतो तो कागदाखाली फरशी ओलीगच्च, आणि सांध्यांशी पांढरी बुरशीसारखी भुकटी. ती बुरशी नव्हती, लोणा होता. जमिनीतली ओल केशाकर्षणाने, म्हणजे कंदिलाच्या वातीत तेल चढते तशी, मुरूम आणि सांध्यांतून वर चढत असते. एरवी ती नकळत हवेत उडून जाते. आपण तिची वाट बंद केली. पाणी साचले, आणि जिथे कडेला ते सुकले तिथे त्यातले क्षार मागे राहिले. आजी मला काही बोलल्या नाहीत, पण चहा ताईने आणून दिला!

कोरड्या फडक्याने आणि कुंच्याने लोणा निघाला, फरशी आठ दिवस उघडी ठेवली. तुम्ही ही चूक टाळू शकता. पावसाळ्यात हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवसाने पाहा. खालच्या बाजूला थेंब जमले असतील किंवा फरशी काळपट दिसत असेल, तर प्लास्टिक नको. आम्ही नंतर फरशीवर स्वच्छ धुतलेली जुनी सतरंजी, तिच्यावर प्लाय, असे केले. भिंतीलगत एक सेंटिमीटर फट सोडली. एक तर हवा खेळते. दुसरे, लाकूड पावसाळ्यात फुगते, आणि फट नसेल तर तक्ता मध्ये कुबड काढतो. तक्त्यांचे सांधे वरून चिकटपट्टीने बंद केले, नाहीतर लोखंडाचा कीस खाली जातो, ओल धरतो आणि फरशीवर तांबूस डाग पडतात. रबरी चटई फरशीवर थेट ठेवू नका. काळ्या रबरातले काही पदार्थ फिक्या फरशीत उतरतात आणि तो डाग जात नाही. ती प्लायच्या वर टाका.

कीस गोळा करण्याची एक युक्ती सांगतो. जुन्या लाउडस्पीकरमधला चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि फळीवरून फिरवा. कीस पिशवीला चिकटेल. मग पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढा. कीस पिशवीतच राहतो. चुंबक उघडा फिरवाल तर तो साफ करता करता संध्याकाळ होईल.

आम्लांबद्दल थोडक्यात. चुनखडकावर आम्ल पडले की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि दगड विरघळतो. फरशीच्या तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून भिंगातून पाहा, बारीक बुडबुडे दिसतील. पुसल्यावर तिथली झिलई गेलेली असेल. लिंबाने हे होते, तर बॅटरीतले गंधकाम्ल काय करील! बॅटरी नेहमी प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवा. तेल सांडले तर पुसून भागत नाही, ते छिद्रांत शिरते. खडूची पूड पाण्यात कालवून जाड लगदा त्यावर थापा आणि वाळू द्या. पुडीतली छिद्रे दगडातल्या छिद्रांहून बारीक असली, तर तीच केशाकर्षणाची ओढ तेल बाहेर खेचते. एका खेपेत होत नाही, तीन-चारदा करावे लागते. आणि जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापते, बोळ्यात उष्णता कोंडते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. वाळवायच्या तर दोरीवर पसरून.

उष्णतेपुढे लाकूड, सतरंजी, रबर सगळेच हतबल आहे. झाळकामाच्या थेंबाने प्लायवर डाग पडेल, एवढेच. पण घासचक्रीच्या ठिणग्या आणि वेल्डिंग या खोलीत मुळीच नको. ती कामे अंगणात, मोकळ्या जमिनीवर करावीत. याबाबतीत मी भाच्याशी तडजोड केली नाही.

शिक्षकांसाठी एक शब्द. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हापासून हाताने काम करत शिकण्याचा विचार आपल्याकडे अनेक शाळांत पोचला. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या, आणि साध्या वर्गखोल्यांत ड्रिल यंत्रे दिसू लागली. या खोल्यांत बहुधा व्हिट्रिफाइड लाद्या असतात. त्यांचे काठिण्य ६ ते ७, तेव्हा ओरखड्याची भीती कमी. पण त्या पातळ आणि ठिसूळ असतात, आणि भुसा पडला की विलक्षण निसरड्या होतात. तिथे टिचक्यांची परीक्षा आणि रबरी चटई अधिक महत्त्वाची. फरशी वाजवण्याचे काम मुलांकडे द्या. खडूच्या फुल्यांचा नकाशा वहीत काढून घ्या आणि पावसाळ्यानंतर पुन्हा वाजवून तुलना करा.

गेल्या दिवाळीत असोद्याला तक्ते उचलले. वर प्लायवर हातोड्याचे एकवीस खळगे मोजले, एका ठिकाणी पटाशी उभी रुतल्याची खूण होती. खालची फरशी जशीच्या तशी. आजींनी वाकून, हाताने चाचपून खात्री करून घेतली. उंबऱ्यापाशी तो पहिल्या दिवशीचा ओरखडा मात्र आहे. घासून काढू का, असे भाच्याने विचारले. आजी म्हणाल्या, राहू दे. त्यांनी त्यावर गोणपाटाचे जाड पायपुसणे टाकले. आता बाहेरची वाळू तिथे अडते आणि खोलीतला कीसही घरात जात नाही.